मांडवामागचा पाहुणा

माझं लग्न सव्वा तास एका माणसासाठी खोळंबलं, आणि तो माणूस तेवढा वेळ आमच्याच घरामागं बसून लसूण सोलत होता. आज हसू येतं. त्या दिवशी मात्र कोणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि सगळ्यात आधी माझ्या बापाचा.

हा माणूस म्हणजे आमच्या भागाचे जिल्हा परिषद सदस्य. सगळे त्यांना भाऊ म्हणत. इंझोरीकडच्या आमच्या गावात पुढारी म्हटला की पांढरी गाडी, मागं चार पोट्टे आणि काचेतून हलणारा हात. भाऊंकडं यातलं काही नव्हतं. जुनी मोटारसायकल, हँडलला कापडी पिशवी आणि मोबाईल त्या पिशवीच्या तळाशी, त्यामुळं तो कधी उचललाच जात नसे. त्यांचं काम एकच, कोणाच्याही घरी जाऊन बसायचं आणि ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, घड्याळ पाहायचं नाही. समोरचा थांबला की "मंग?" म्हणायचं. लोक नळाची तक्रार सांगायला बसत आणि जावयाच्या स्वभावापर्यंत जाऊन पोचत.

बारावीनंतर बाबांनी माझं शिक्षण बंद करायचं काढलं, तेव्हा आईनं भाऊंना घरी बोलावलं होतं. ती गॅसपाशी उभी राहून बोलत राहिली, दोनदा चहा झाला, बाबा बाहेर चुळबुळत बसले. निघताना भाऊ बाबांना इतकंच म्हणाले, "बाईचं म्हननं कधी आयकलं का तुमी?" बाबांनी ऐकलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी मंगरूळपीरच्या कॉलेजात नाव घातलं आणि बाबांच्या लेखी भाऊंच्या वरचा माणूस उरला नाही.

बी.ए.चा शेवटचा पेपर विद्यापीठानं पुढं ढकलला, तो नेमका माझ्या लग्नाच्या दिवशी, दुपारी दोनला. पत्रिका वाटून झाल्या होत्या. पेपर बुडाला तर वर्ष जाणार, एवढ्यावर भागणार नव्हतं. सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "यंदा पास झाली तं पुढचं पाहू. नाई तं पुरे झालं शिकनं." मला बी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. म्हणजे सगळं त्या एका पेपरावर येऊन अडकलं होतं. शेवटी दोन्ही घरांनी ठरवलं की लग्न अकराला लावायचं, बाराला जीप काढायची आणि मला परीक्षेला सोडायचं. वाट पाऊण तासाची. मी मनात म्हटलं, जमते बापा.

अकरा वाजले. नवरदेव आला, वऱ्हाड आलं, वंदना घेणारे बौद्धाचार्य येऊन बसले. मी पांढरी साडी नेसून मागच्या खोलीत, मांडीवर नोट्स घेऊन. आणि बाबांनी मांडवात जाहीर केलं, "मोठे पाहुने येऊन राह्यले. ते आल्याबिगर लगन लागनार नाई."

आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. चांगलीच गोष्ट आहे, मी आजही तेच म्हणते. पण मुहूर्त नसला की वेळ टळली म्हणून ओरडायलाही काही उरत नाही. बँडवाले रस्त्यावर वाजवून वाजवून घामाघूम झाले. माझे काका हार घेऊन फाट्यावर उभे. दुरून धूळ दिसली की बँड जोरात सुरू व्हायचा, आणि धुळीतून निघायचा तो दुधाचा टेम्पो. एका कीटकनाशकाच्या एजंटाला तर काकांनी हार घालूनही टाकला. तो बिचारा हार घेऊन जेवायलाच बसला.

साडेअकरा झाले, बारा झाले. मी बाबांना खोलीत बोलावून घेतलं.

"बाबा, माहा पेपर हाय!"

"मले मालूम हाय. त्यायच्यामुळंच तं तू कॉलेजात गेली. आता त्यायच्याबिगर लगन लावू काय?"

"पन त्यायच्याचपायी पेपर बुडला तं?"

यावर बाबांनी फेटा सारखा केला आणि ते बाहेर निघून गेले. उत्तर नसलं की फेटा, ही त्यांची जुनी सवय.

मी रागारागानं मागची खिडकी उघडली. खिडकीबाहेर स्वयंपाकाची चूल होती. अनसिंगकडून आणलेल्या चार बाया पुऱ्या लाटत होत्या. एक बाई आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती, अगदी रंगात येऊन. ती श्वास घ्यायला थांबली आणि कोणीतरी म्हणालं, "मंग?"

माझ्या हातातल्या नोट्स खाली पडल्या. उलट्या घमेल्यावर भाऊ बसले होते! पुढ्यात लसणाची रास, सदऱ्यावर सालं. समोरचा रस्ता बँडवाल्यांनी आणि नाचणाऱ्यांनी अडवला होता, म्हणून मागच्या गल्लीतून आले होते. त्या बायांना वाटलं वराकडचा कोणी मामा असेल. त्यांनी हातात लसूण दिला, आणि भाऊ बसले.

"भाऊ!" मी खिडकीतूनच किंचाळले. "तुमी कवाचे आले?"

"अकराले आलो व बाई. पन लगन लागूनच नाई राह्यलं. म्या या बायायले इचारलं, तं म्हने कोन्या मोठ्या मानसाची वाट पाहून राह्यले." मग आवाज खाली करून त्यांनी मला विचारलं, "कोन हाय व तो? पोरीचा पेपर हाय अन् याले येळेचं भानच नाई!"

"तुमीच ना तो मोठा मानूस!"

भाऊंच्या हातातली लसणाची कुडी तशीच राहिली. तोंड असं पडलं की माझा राग तिथंच ओसरला. ते चपला शोधत मांडवाकडं पळाले. सव्वाबारापासून पंधरा मिनिटांत वंदना, पंचशील, प्रतिज्ञा, हार, फुलं, सगळं आटोपलं. बाबांनी भाषणाला माईक दिला, तर भाऊ म्हणाले, "माह्यामुळं उशीर झाला, माफी करा. नवरीचा पेपर हाय. तिले जाऊ द्या." एवढंच.

पण जीप पाहुण्यांच्या गाड्यांमागं अडकलेली. भाऊंनी खिशातून आपल्या मोटारसायकलची किल्ली काढून माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवली. आम्ही निघणार, तोच सासूबाई आडव्या आल्या.

"आधी सून घरी येईन, मंग कुठंबी जाईन. नवी नवरी अशी गाडीवर बसून गावभर फिरते काय? आमाले काई इज्जत हाय का नाई?"

नवऱ्यानं गाडी पुन्हा स्टँडवर लावली. बाबांचा हात फेट्याकडं गेला. साडेबारा वाजून गेले होते आणि मला रडू फुटलं. एवढं सगळं करून आता असं बुडणार!

भाऊंनी एक खुर्ची ओढली, सासूबाईंपुढं ठेवली, दुसरी स्वतःसाठी घेतली. "बसा बाई. तुमचं बरोबर हाय. तुमचं काय म्हननं हाय ते मले सांगा. मी बसलो."

सासूबाई बसल्या. बोलायला लागल्या. नवऱ्यानं हळूच गाडी ढकलत गल्लीपर्यंत नेली आणि मी मागं बसले. त्या मंगरूळपीरच्या रस्त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला घट्ट धरलं, तेही खड्ड्यांमुळं. दीडच्या थोडं आधी पोचलो. मेंदीच्या हातानं पेपर लिहिला.

परत आलो तेव्हा सहा वाजत आले होते. मांडव अर्धा सोडला होता, वऱ्हाडातले लोक जीपमध्ये घोरत होते. आणि त्या दोन खुर्च्या तशाच. भाऊंच्या शेजारी जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. सासूबाई बोलत होत्या, डोळे पदराला पुसत होत्या. आईकडून नंतर कळलं की पहिला तासभर माझीच तक्रार झाली. मग सासूबाई स्वतःच्या लग्नावर आल्या.

मला पाहून त्या उठल्या. मी मान खाली घातली, आता बोलणी बसणार म्हणून तयारच होते.

"कसा गेला व पेपर?" त्यांनी विचारलं.

दिवसभरात मला हे विचारणारं पहिलं माणूस. वाटेत नवऱ्याला सुचलं नव्हतं, इथं आईबाबांनाही नाही.

"बरा गेला," मी म्हटलं.

"बरा म्हंजे कसा? सारं लिवलं का नाई?" त्यांनी माझा मेंदीचा हात हातात घेतला आणि शाईचा डाग अंगठ्यानं पुसायला लागल्या. "माह्या सातवीचा इतिहासाचा पेपर राह्यला होता. लगन लावून बसवलं मले बैलगाडीत. पाठ केलेलं सारं आठोत होतं, थेट घर येईस्तोवर. कोनी इचारलंच नाई."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. बाबांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून पोरगी रडते आहे.