डायलिसिसला सोबत कोण?

शेवटची भेट म्हणून लक्षात ठेवावी अशी काही ती भेट नव्हतीच. बुधवारची दुपार, डायलिसिस युनिटमधला खिडकीजवळचा बेड, तिचा डावा हात मशीनला जोडलेला आणि उजव्या हातात लाल पेन. प्रणाली तिच्या क्लासच्या पोरांचे पेपर तपासत होती आणि पॅड मी धरलं होतं, कारण तिला एकच हात मोकळा. एका उत्तरापाशी ती थांबली आणि इतकी हसायला लागली की मशीन बीप करायला लागलं. सिस्टर धावत आल्या, काय झालं काय झालं. "काही नाही सिस्टर, या पोरानं प्रॉबॅबिलिटी एकापेक्षा जास्त काढली. फारच आशावादी मुलगा आहे." सिस्टरना जोक कळला नाही. मलाही नाही कळला, मग तिने मला समजावून सांगितलं की शक्यता एकाच्या वर जाऊच शकत नाही, एक म्हणजे शंभर टक्के, संपलं. आणि वर, "तुला कोणी जर्नलिझमची डिग्री दिली वं?" त्या शनिवारी तिला थंडी वाजून ताप आला, इन्फेक्शन रक्तात पसरलं, आणि पुढच्या आठवड्यात ती गेली.

दीड-दोन महिने होत आले. पेपरच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहिशील का असं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं, कारण प्रणालीबद्दल मी कुणालाही सांगू शकते, रिक्षावाल्या काकांनासुद्धा सांगून झालंय. पण कुठून सुरू करायचं हा प्रश्न होताच... पहिल्या दिवसापासूनच करते, कारण आमची मैत्री ज्या पद्धतीने झाली तशी कुणाची झाली असेल असं मला वाटत नाही.

मी कुडाळची, जर्नलिझम शिकायला पुण्यात आलेली. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत येऊन मला जेमतेम एक दिवस झाला होता आणि मी कॉटवर भिंतीकडे तोंड करून रडत होते. घरी परत जायचं हे माझं नक्की झालं होतं, फक्त आईला सांगायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात दार उघडलं आणि एक मुलगी आणि तिचे बाबा भांडत आत आले. म्हणजे बाबा हळू आवाजात आणि ती मोठ्या आवाजात. ते गोंदियाहून आले होते. तिला इथे एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला अॅडमिशन मिळाली होती, पण तिच्या दोन्ही किडन्या काम करत नव्हत्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं. बाबा युनिट बघून आले होते. तिथे त्यांना सांगितलं होतं की प्रत्येक वेळी पेशंटबरोबर कुणीतरी पाहिजे. त्यांनी बॅग अजून खांद्यावरून खाली ठेवलेली नव्हती.

"संगं कोण राहीन तुझ्या? इथं आपलं कोणी नाही. चल परत, संध्याकाळची गाडी आहे."

"आहे ना बाबा." आणि तिने सरळ माझ्याकडे बोट केलं. "हे आहे ना. माही मैत्रीण. एकदम जिवलग."

मी नाक पुसत उठून बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाव काय हिचं?"

तिला माझं नाव माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता! पण चेहरा बघायला हवा होता तिचा, एक रेष हलली नाही. "तिलेच विचारा ना. तिला काय तोंड नाही?"

"गौरी," मी म्हटलं. "कधीपासून ओळखता?" बाबांनी विचारलं. "ऑनलाइन ओळख झाली, काका." हे माझ्या तोंडून कसं निघालं मला आजही माहीत नाही. कदाचित कुणीतरी मला आपलं म्हणतंय, भले खोटं का होईना, एवढंच त्या वेळी पुरेसं होतं. काकांनी बॅग खाली ठेवली. माझा नंबर घेतला. जाताना ते फक्त एवढंच म्हणाले, "बेटा, तुझ्या भरोशावर ठेवून चाललो." आता यानंतर मी कुडाळला कशी जाणार? दार बंद झाल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "थँक्यू. मी प्रणाली. आता तुला पुण्यातच राहावं लागीन, सॉरी." आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

सोबत म्हणून माझी पहिलीच दुपार म्हणजे फजिती होती. त्या जाड सुया बघून मला घेरी आली आणि मी तिथेच खाली. शुद्धीवर येताना ऐकू आलं ते तिचं ओरडणं, "सिस्टर, सिस्टर, माझी सोबत पडली!" त्या दिवशी पेशंट माझ्याकडे लक्ष ठेवून होती. काकांचा दर वेळी मेसेज यायचा, 'राम राम बेटा, संगं आहेस ना?' त्या दिवशी माझ्या फोनवरून तिनेच उत्तर टाकलं, 'हो काका, सगळं ओके.'

मग ती सवयच झाली. ती बेडवर, मी स्टुलावर, मधे पुस्तकं. मी तिथे बसून जेवढा अभ्यास केला तेवढा कुठल्याच अभ्यासिकेत केला नसता. तिच्या डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून जाड केलेली होती, सुया टोचता याव्यात म्हणून, आणि तिच्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर जाणवायची. ओळख झाली की ती समोरच्याला हात पुढे करायची, "हात लावून बघ, मोबाइल व्हायब्रेट होऊन राहिला." लोक दचकायचे आणि पाच मिनिटांत तिचे व्हायचे. आजाराबद्दल कुजबुजायची संधीच द्यायची नाही ती कुणाला. नव्या डॉक्टरांनी एकदा तिच्यासारख्या पेशंटचं पुढे साधारण काय होतं ते टक्केवारीसकट सांगायला सुरुवात केली, तर ही शांतपणे म्हणाली, "सॅम्पल किती लोकांचं होतं, डॉक्टर?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी ते शोधून आले आणि दोघं त्यावर वाद घालत बसले. मला वाटतं त्यांना तिची व्हिजिट आवडायला लागली होती.

खाण्यापिण्याचं मात्र कडक. पाणी मोजून, आणि ज्यात पोटॅशियम जास्त ते सगळं बंद. आणि माझी आई काय पाठवायची? शहाळी, केळी, आंबे, आमसुलं! कुडाळहून बॉक्स आला की प्रणाली एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडायची. "हे बंद. हे बंद. हे तर एकदम बंद. गौरी, तुझी आई मला मारायला निघाली आहे काय वं?" आईला फोनवर हे कळल्यावर ती रडकुंडीला आली, आणि मग तिने डॉक्टरांनाच फोन लावून यादी घेतली. पुढच्या बॉक्समध्ये तांदळाच्या शेवया होत्या, बिनमिठाच्या. प्रणालीने आईला व्हिडिओ कॉल करून त्या खाऊन दाखवल्या. त्यानंतर आई फोनवर आधी तिची चौकशी करायची, मग माझी. "गो, तिका दे फोन."

सोहेल आमच्यात आला तो भाजीमुळे. तो तिच्या वर्गातला, पुण्यातलाच, त्याच्या अब्बांचं मंडईजवळ कुलपांचं दुकान. प्रणालीला दुधी, दोडका असल्या चालणाऱ्या भाज्या ताज्या हव्या असायच्या आणि मंडईत नेणारा हाच. आपल्याला वाटेल स्कूटरवरून आणायचा-सोडायचा, एवढंच. पण तिने त्याला पोटॅशियम उतरावं म्हणून बटाटा बारीक चिरून पाण्यात भिजत घालून ते पाणी फेकून द्यायला शिकवलं होतं आणि तो घरी जाऊन अम्मीला ते शिकवत होता, कारण ईदला प्रणाली जेवायला येणार तर तिला खाता येईल असं काहीतरी हवं ना! आमच्या घरमालकीण काकू कडक. मुलांना वर मनाई. एकदा डायलिसिसनंतर प्रणालीचा बीपी इतका उतरला की तिला जिना चढवेना, तर सोहेल आणि मी तिला दोन्हीकडून धरून वर आणत होतो. काकू दारात. आता काय ऐकायला मिळणार म्हणून आम्ही थांबलो. "अहो, तिला असं पोत्यासारखं काय आणताय? खुर्चीत बसवा आणि उचला. शिकलेले ना तुम्ही?" खुर्ची त्यांनीच दिली. आणि मग सोहेलला, "दार उघडं ठेवायचं. चहा ठेवलाय, पिऊन जा. तिला अर्धाच कप."

पण हे सगळं असं मजेमजेचंच नव्हतं. तिचं इथलं राहणं कायम टांगणीला लागलेलं असायचं. दर सुट्टीत काका यायचे ते तिला घेऊन जायच्या तयारीने. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी तिला न्यूमोनिया झाला, अॅडमिट करावं लागलं, तेव्हा तर त्यांनी तिकिटंच काढली होती. मी आणि सोहेल वॉर्डच्या दाराशी उभे होतो आणि आत बाप-लेकीचं चाललं होतं. काका चिडलेले नव्हते, तेच जास्त अवघड होतं. ते सारखं म्हणत होते, "बेटा, घरी तुझी माय आहे. तिथं बी मशीन आहे. काऊन जीव धोक्यात घालून राहिली?"

शेवटी ती म्हणाली, "बाबा, तिथं मी किडनीवाली पोरगी आहे. सकाळी उठल्यापासून तेवढीच. लोक घरी येतात, माझ्याकडे बघतात, आईकडे बघतात आणि हळूच 'च् च्' करतात. इथं मी बुधवारी आणि शनिवारी आजारी असते. बाकीचे दिवस मी प्रणाली असते. तेवढे दिवस मला राहू द्या ना."

काका बाहेर आले, आम्हाला बघून थबकले, आणि मला म्हणाले, "गौरी बेटा, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही एकमेकींले ओळखत नव्हता ना?" मी मान खाली घातली. "मले समजलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या उशीवर तुझं नाव शिवलेलं होतं, ते बी हिने वाचलं नव्हतं." आणि चक्क हसले. तिकिटं रद्द झाली. परीक्षा होईपर्यंत, असं ठरलं.

परीक्षा झाली, ती पास झाली, आणि परत जायच्या ऐवजी तिने पेठेतल्याच एका क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली. स्पर्धा परीक्षांची पोरं, बहुतेक सगळी गावाकडून आलेली, पहिल्या महिन्यात परत जाऊ म्हणणारी. ती त्यांना गणित शिकवायची आणि वर्ग सुटल्यावर प्रत्येकाला शेजारच्याचं नाव विचारायची. माहीत नसेल तर उद्या माहीत करून यायचं, हा होमवर्क. मी एकदा मागे बसून बघितलं होतं. त्यांना ती आजारी आहे हे बरेच दिवस कळलंच नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला त्या दिवशी, मी जिना उतरताना तिला सांगितलंसुद्धा. "फार होऊन राहिलं," ती म्हणाली, पण हसू दाबत होती.

आयसीयूमध्ये फक्त नातेवाइकांना सोडत होते. काका गाडीत होते, गोंदियाहून पुणं म्हणजे लांबचा पल्ला. दारावरच्या सिक्युरिटी काकांनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, बहीण. सोहेल म्हणाला, भाऊ. त्यांनी रजिस्टरमध्ये आमची नावं-आडनावं वाचली, चष्मा वर केला. "मोठी फॅमिली दिसतेय." आणि दार उघडलं. ती शुद्धीवर नव्हती. मी तिच्या डाव्या हातावर बोट ठेवलं, थरथर चालू होती. काका पोचेपर्यंत चालू होती.

मग ते फोन सुरू झाले. गोंदियाहून, नागपूरहून, तिचे चुलते, मामा, आत्या, सगळ्यांचं एकच, पोरीला घरी घेऊन या, अॅम्ब्युलन्स करा, गावात अंत्यविधी करू. काका हॉस्पिटलच्या बाकावर बसून एकेकाचं ऐकून घेत होते. शेवटी त्यांच्या मोठ्या भावाचा फोन आला. मी आणि सोहेल शेजारीच होतो.

"नाही दादा," काका म्हणाले. "इतकी वर्षं मी तिले चल म्हणून राहिलो. नाही आली. आता तिले विचारता येत नाही, तर कसं नेऊ?"

पुण्यातच झालं सगळं. सोहेलचे अब्बा आले होते, घरमालकीण काकू आल्या होत्या, क्लासची पोरं आली होती. माझे आई-बाबा कुडाळहून पोचले. काकांनी जाताना खोलीतलं तिचं काहीच नेलं नाही. पुस्तकं नाही, कपडे नाही. बॅग भरायला घेतली होती, मग तशीच ठेवली. म्हणाले, राहू दे इथंच.

प्रणालीची आई कधीच पुण्याला आलेली नाही, घरी आजी अंथरुणाला खिळलेली म्हणून. आता येणार आहे, पुढच्या आठवड्यात, काकांबरोबर. काकांचा परवा फोन होता, "बेटा, तिच्या मायले पाहायचं आहे, पोरगी कुठं राहत होती." मी आणि सोहेल तेव्हापासून भांडतोय. तो म्हणतो आधी मंडई, मग त्याच्या घरी जेवण. मी म्हणते आधी क्लास, पोरं असतील तेव्हा. माझी आई म्हणते मी पण येते. काकूंनी स्वतःहून गाद्या उन्हात टाकल्या आणि मला म्हणाल्या, "त्या मुलीच्या कॉटवरची चादर तेवढी धुवायला टाक, किती दिवस झाले."

नाही टाकली मी. चुरगळलेली आहे, कोपऱ्यावर लाल पेनाचा डाग आहे. आधी तिची आई येऊन बसू दे त्यावर... धुवायचं मग बघू.