अर्थ नसलेला उतारा

माझ्या वर्गाने एकदा काहीही अर्थ नसलेल्या उताऱ्यावर पाचपैकी पाच मार्क मिळवले होते.

तो उतारा मुकादम मॅडमनी लिहिला होता. परवा त्या गेल्या.

मी इथे फारसं लिहीत नाही. पण आज शाळेच्या शोकसभेत सांगितलं गेलं की शनिवारचा वाचनाचा तास म्हात्रे सरांनी सुरू केला आणि मॅडमनी त्यांना साथ दिली.

हे चूक आहे. म्हात्रे सर म्हणजे मीच, तिथेच उभा होतो आणि बोललो नाही. म्हणून लिहितो.

मी मूळचा सायन्सचा. पनवेलच्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजीला शिक्षक कमी पडले, तेव्हा दहावी ब चं इंग्रजी माझ्याकडे आलं. दहावी अ मॅडमकडे होती.

अनसीन पॅसेज म्हणजे पुस्तकाबाहेरचा, मुलांनी आधी न पाहिलेला उतारा. त्यासाठी माझी एक ट्रिक होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा. सापडला की ते अख्खं वाक्य उचलायचं, कॅपिटल लेटरपासून फुलस्टॉपपर्यंत.

मार्क मिळायचे. पालक खूश. मीही खूश.

मॅडमच्या वर्गात आधी पेन खाली ठेवायला लागायचं. एका उताऱ्याला दोन-दोन तास. त्यांची मुलं स्वतःच्या शब्दांत लिहायची, चुकायची, आणि चाचणीत माझ्या मुलांच्या मागे पडायची.

बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हाच्या हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, “दिवाळीनंतर दहावी अ पण म्हात्रे सरांकडे. मॅडम पाचवी-सहावी घेतील.”

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला.

“सर, नाराज होऊ नका. एवढा पॅसेज तुमच्या वर्गाला देऊन बघा. तपासा तुम्हीच. मी विचारायला येणार नाही.”

मी न वाचताच झेरॉक्स काढून वाटल्या.

पहिलं वाक्य होतं, ‘द टॉमिक वेंट टू द सोर्ना टू प्लिव द गल्मर.’

पुढे सगळं असंच. टॉमिक, सोर्ना, गल्मर. सगळे शब्द मॅडमनी मनाने बनवलेले.

पहिला प्रश्न, ‘व्हाय डिड द टॉमिक गो टू द सोर्ना?’

मुलं माना खाली घालून लिहायला लागली. द टॉमिक वेंट टू द सोर्ना टू प्लिव द गल्मर.

एकच हात वर आला. नेरे गावाहून येणारी सायली.

“सर, मला यातलं कायपण समजत नाय.”

मागून कोणीतरी म्हणालं, “तुला कधी समजतं गं?” वर्ग हसला.

मी म्हणालो, “समजायची काय गरज आहे? उत्तर शोध.”

हे बोललो आणि मग पहिल्यांदा हातातला कागद नीट वाचला.

संध्याकाळी पेपर तपासले. जवळजवळ सगळ्यांना पाचपैकी पाच. सायलीचा कागद कोरा.

मॅडम खरंच विचारायला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गठ्ठा घेऊन हेडमास्तरांकडे गेलो.

“सर, दहावी अ मॅडमकडेच राहू दे. माझ्या वर्गाचे पॅसेजही त्याच घेतील.”

“म्हात्रे, डोकं ठिकाणावर आहे का? चांगला रिझल्ट आहे तुमचा.”

“हा पॅसेज वाचा.”

त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. “हे काय आहे?”

“यावर माझ्या मुलांना फुल मार्क आहेत, सर.”

कागद परत देत ते म्हणाले, “प्रिलिमपर्यंत करा. मग बघू.”

तेव्हापासून दर शनिवारी दोन्ही तुकड्या हॉलमध्ये, समोर मॅडम आणि शेवटच्या बाकावर मी. पोरं कुजबुजायची, “सरपण नापास झाले काय रे?”

एक उतारा मला अजून आठवतो. नोकरीसाठी लांब गेलेल्या मुलाला आईचं छोटं पत्र. इथे सगळं ठीक आहे. रजा काढून येऊ नकोस. तुझी खोली रंगवून घेतली. बस आता पुलापाशी थांबते.

मॅडमनी विचारलं, “आईला मुलगा यायला हवाय की नकोय?”

माझा वर्ग एका सुरात म्हणाला, “नकोय!” वाक्य सापडलं होतं ना.

सायली म्हणाली, “हवाय.”

“ओळ दाखव,” मॅडम म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं. काहीही म्हण, पण ओळ दाखव.

“येऊ नको बोलते, मग बस कुठं थांबते ते कशाला सांगते?”

मीही मनात ‘नकोय’च म्हटलं होतं.

“शाबास. आता हेच इंग्रजीत सांग. चुकलं तरी चालेल.”

तिने सांगितलं. तीन ठिकाणी चुकली. मॅडमनी एकदाही मध्ये टोकलं नाही.

प्रिलिमला माझ्या वर्गाचे मार्क घसरले. हेडमास्तर चिडले, पण दहावी अ त्यांनी काढून घेतली नाही. बोर्डात सायली पहिल्या फटक्यात इंग्रजीत पास झाली. दहावी अ शेवटपर्यंत मॅडमकडेच राहिली.

आणि कोणी विचारलं की त्या सांगायच्या, “हे म्हात्रे सरांनी सुरू केलं.”

मी एकदा म्हणालो, “मॅडम, खोटं कशाला सांगता?”

“खोटं कुठे आहे? हेडमास्तरांकडे कोण गेलं होतं? ओळ दाखवा, सर.”

त्या हसल्या आणि तासाला गेल्या.

इतकी वर्षं मी ते श्रेय घेऊन फिरलो. त्यांनी दिलेलं होतं म्हणून परत करता आलं नाही.

परवा कब्रस्तानात माती दिली, तेव्हाही हेच मनात होतं.

आज शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये थांबलो. वेळापत्रकाच्या बोर्डावर शनिवारपुढे माझं नाव होतं. ते पुसलं आणि तिथे लिहिलं, ‘मुकादम मॅडमचा तास’.

उद्या तो मी घेणार आहे.

मॅडम, तुमच्या शेवटच्या बाकावर बसायला मिळालं, याचा मला अभिमान आहे.

निरोप घेतो.