सोळा इंचांचा हट्ट

माझी मुलगी ग्राफिक डिझाइनचे काम करते आणि मी गल्ल्यावर बसतो. लोणावळ्यातल्या आमच्या दुकानात चिक्कीच्या खोक्यांची वेष्टने होतात, कुरवंड्याच्या रस्त्यावरच्या बंगल्यांच्या पाट्या होतात, आणि सर्वांत अधिक होतात ते वाढदिवसांचे फ्लेक्स. जुना संगणक बंद पडला तेव्हा लॅपटॉप घ्यायचे ठरले आणि पडदा केवढा असावा यावरून आम्हा दोघांचे बिनसले. माझा हट्ट सोळा इंचांचा होता. फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग असते. लहान पडद्यावर ते चेहरे मोहरीएवढे होतात. कडेला रंगांच्या चौकटी उघडल्या की चित्राला जागाच उरत नाही.

तळेगावच्या दुकानदारानेही हेच सांगितले, पण मला.

“काका, डिझाइन म्हणजे सोळाच. मॅडमना वापरल्यावर पटेल.”

मॅडम त्याच्या समोरच उभी होती. “मला चौदाच हवा,” ती म्हणाली. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिले. मला संताप आला, आणि तो मी नेहमीप्रमाणे गिळला. त्याहून वाईट म्हणजे मी तिलाच म्हणालो, “अगं, ते रोज हेच विकतात.”

तिने चौदाच घेतला. परतताना मी कारण विचारले.

“मोठ्या पडद्यापुढे माणसं जमतात, बाबा.”

आमच्याकडे फ्लेक्स करायला कोणी एकटा येत नाही. वाढदिवस एकाचा असला तरी सारी मंडळी येतात, कारण कोणाचा चेहरा वर, कोणाचा खाली, हे सर्वांसमक्ष ठरावे लागते. थोरल्या भावापेक्षा धाकट्या चुलतभावाचे तोंड मोठे छापले गेले, तर दोन घरांचे बोलणे बंद होते. म्हणून सगळे तिच्या खुर्चीमागे उभे राहतात. तिच्या खांद्यावरून हात पुढे करून काचेवर बोट टेकवतात. पाठीवर कोणाचे कोपर, मानेवर कोणाचा गुटख्याचा श्वास. ती खुर्ची पुढे पुढे ओढत जाते, ती थेट टेबल पोटाला लागेपर्यंत. हे सारे मी गल्ल्यावरून पाहत आलो होतो आणि त्याला धंदा म्हणत आलो होतो. बाजारात माझ्या मृदू बोलण्याचे कौतुक होते. ते कौतुक आज आठवले की मला माझीच चीड येते.

नव्या लॅपटॉपवर काम सुरू झाले आणि मावळातल्याच एका गावची मंडळी आली. “फोटो पाठवा, नमुना मोबाइलवर देते. सगळ्यांना एकदम दिसेल,” मुलगी म्हणाली.

“मोबाइलवर न्हाई ओ ताई. आमी हितंच बघतो.”

आणि ते तिच्या खुर्चीमागे गेले. तिचा हिशेब चुकला होता. पडदा लहान, म्हणून माणसे अधिकच वाकली.

“लय बारका घेतलाय की ओ काका! लॅपटॉप हाय का जेवणाचा डबा?”

“डबाच हाय. उघड की, भाकरी बघू!”

हशा झाला. हसता हसताच एकाने तिच्या मनगटावरून हात नेला आणि काचेवर बोट दाबले. “भाऊंचं त्वांड हितं घ्या.” ती आक्रसली.

“मागं व्हा,” मी म्हणालो. कोणाला ऐकूच गेले नाही. मग मी ओरडलो, “मागं व्हा! बाकावर बसा. तिच्या खुर्चीमागे यापुढे कोणी उभं राहायचं नाही.”

“चिडताय कशाला काका? ताई घरचीच हाय की.”

“माझ्या घरची आहे. तुमच्या नव्हे.”

त्यांच्यातले वडीलधारे गृहस्थ दाराकडे वळले. “चला रं. दुकानं काय कमी हायेत व्हय?” सगळे निघून गेले.

माझ्या रागाच्या तळाशी थोडी फुशारकीही होती, हे नाकारत नाही. मुलगी काहीतरी चांगले बोलेल अशी माझी अपेक्षा होती.

तिने ओढणीच्या टोकाने काचेवरचा बोटाचा ठसा पुसला. “बाबा, तुम्ही हे आधी बोलला असतात, तर मी सोळाच घेतला असता. मला कामाला तोच हवा होता.”

चिक्कीच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचण्यासाठी डोळे किलकिले करून ती त्या पडद्यावर वाकली.