करंजाभोवतीचा कट्टा

आमच्या सोसायटीतल्या करंजाचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. खाण्यासारखं फळ नाही, देवाला वाहावं असं फूल नाही, आणि वाळलेल्या शेंगा गाड्यांच्या टपावर टपटप पडायच्या त्या वेगळ्याच. "नुसती सावली देतो बिचारा," असं बाबा म्हणायचे. त्यांच्या तोंडी ती तक्रार नसायची, शिफारस असायची.

ठाकुर्ली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची बिल्डिंग. माझ्या लहानपणी शुक्रवारी दिवसभर लाईट जायची. पंखे थांबले की अख्खी बिल्डिंग करंजाखाली उतरायची. बायका गवार मोडत बसायच्या, आम्ही पोरं पत्ते कुटायचो, आणि बाबांना सुट्टी असली की ते खुर्चीत बसून मोठ्यानं पेपर वाचायचे, कुणाला ऐकायचा असो वा नसो. पायाखाली माती होती, जराशी ओलसर, अनवाणी पावलांना गार लागणारी. वर घरात अंगाची लाही व्हायची, पण झाडाखाली कधी जीव घाबरला नाही. पुढे इन्व्हर्टर आले, एसी आले, आणि माणसं आपापल्या घरात राहिली. बाबा तेवढे शेवटपर्यंत खाली जात राहिले. त्या शुक्रवारांची मला अजून फार आठवण येते.

बाबा गेले त्या वर्षी मी सोसायटीच्या कमिटीत होतो. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि माझी हौस तर दुःखातून आलेली. करंजाच्या बुंध्याला चिकटून मी गोल कट्टा बांधून घेतला, वर काळाभोर ग्रॅनाइट. चिखल नको म्हणून उरलेल्या मातीवर काँक्रीट ओतलं आणि पेव्हर ब्लॉक बसवले. दर्शनी बाजूला बाबांच्या नावाची पाटी लावली. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. आई रोज संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसू लागली. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून मी तिला बघायचो आणि वाटायचं, चला, मुलगा म्हणून आपण काहीतरी केलं.

त्याच पावसाळ्यात गेटपाशी घोटाभर पाणी तुंबलं. इतकी वर्षं ते पाणी कुठं जात होतं, हा प्रश्न आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना पडला नाही. आम्ही महापालिकेला शिव्या घातल्या. पुढच्या एप्रिलमध्ये बोअरवेलचं पाणी आटलं. दोन वर्षांत करंजाची पानं बारीक झाली, शेंडा वाळला, आणि स्वयंपाकघराच्या ज्या खिडकीला तो टेकायचा तिथला आईचा ओटा दुपारच्या उन्हानं हात लावू देईना.

चार पिवळी पानं पिशवीत घालून मी शिळफाट्याच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेलो. म्हटलं, एखादं खत देतील. नर्सरीवाली आमच्याच भागातल्या जुन्या गावातली, आगरी. तिनं पानं बघितली, मग माझ्या फोनवरचा झाडाचा फोटो बघितला. "झाराचा गला दाबलाय तुमी," ती म्हणाली. "पावसाचा पानी जानार कुटं? खत नको. तो कट्टा फोरा."

कमिटीनं पाच मिनिटांत होकार दिला. खरा प्रश्न आईचा होता. बाबांच्या नावाचा कट्टा फोडायचा, आणि झाड त्यांच्या मुलानंच मारायला घेतलंय, हे तिला सांगणार कोण? मी पळपुटेपणा केला. "मावशीला बरं नाहीये," अशी थाप मारून मी तिला दोन दिवसांसाठी कळव्याला मावशीकडे धाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मजूर आले. ग्रॅनाइट निघाला, विटा निघाल्या, ब्लॉक आणि काँक्रीटही निघालं. खालची मुळं सिमेंटखाली दबून चपटी झाली होती, बघवत नव्हतं. शेंड्याच्या फांद्या गेल्या त्या गेल्याच, पण खालच्यांना पुढच्या चैत्रात पालवी फुटली, हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवशी मात्र मला झाडापेक्षा आईची धास्ती होती. पाटी फुटू नये म्हणून मी ती स्वतःच्या हातांनी उचलून बाजूला ठेवत होतो, इतक्यात गेटपाशी रिक्षा थांबली आणि आई उतरली.

"मावशी तर खणखणीत आहे तुझी. पापड लाटत बसलेली," ती म्हणाली. मग तिची नजर विटांच्या ढिगाकडे गेली, माझ्या हातातल्या पाटीकडे गेली.

"आई, झाड मरत होतं गं," मी म्हटलं. "मीच मारत होतो. हा कट्टा बांधून."

तिनं वाकून उघड्या मातीला हात लावला.

"बरं झालं फोडलास," ती म्हणाली.

"अगं, पण बाबांचा..."

"सात वाजले तरी तो दगड तव्यासारखा तापलेला असायचा. बसवत नव्हतं रे मला."

"मग रोज कशाला बसायचीस?"

"तू वरून बघायचास ना," आई म्हणाली. "तुला बरं वाटायचं."

बाबा गेले तेव्हा मी आईजवळ बसून रडलो नव्हतो. कट्ट्यासाठी गवंडी शोधत फिरत होतो. त्या दिवशी भर दुपारी, दोन अनोळखी मजुरांसमोर, मी हमसून हमसून रडलो, आणि आईनं मला गप्प केलं नाही.