निळी रेघ

माझ्या हातावर डॉक्टरीणबाईंनी पेनाने निळी रेघ मारलीय. कारखान्यात पत्र्याने कोपराखालची, बोटांना स्पर्श कळवणारी नस तुटली, ती त्यांनीच जोडली. दर खेपेला टिचक्या मारून बघतात आणि मुंग्या येतील तिथे नवी रेघ ओढतात. "नस इथवर आली बघा, दादा. रोज जेमतेम मिलिमीटरभर वाढते." देवासारख्या भेटल्या. रेघ पुसून जाऊ नये म्हणून मी हाताला पिशवी बांधून आंघोळ करतो.

आणि सुपरवायझर फोनवर म्हणतो, "जखम भरली ना? मग कसली नाटकं? सोमवारी मशीनवर ये." रेघ अजून मनगटापाशीच आहे. बोटं चहाने भाजली तरी कळत नाही, मशीनखाली गेली तर कळणार का? सातवीत शाळा सोडून कामासाठी एवढ्या लांब आलो, म्हणून काहीही ऐकायचं? सोमवारी जाईन आणि बाही वर करून रेघ दाखवीन. तो शिकलेला आहे, वाचू दे.