मुकादम आणि उसाची टिपरी

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. सर गेल्यावर त्यांची आठवण निघाली की मी त्यांचे विनोद रंगवून सांगायचो. माझा एक तेवढा गाळायचो.

बारामतीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो, ते प्राणिशास्त्र. त्यांचं गाव सणसर, उसाच्या मुलखातलं. खडू विसरतील, पण उसाची टिपरी हातात असायचीच. ती टेबलावर आपटून तास सुरू व्हायचा. "कोंबाचा डोळा पेरावरच का फुटतो? मधीच कुठं का न्हाय?"

तो तास ऐकला असतात, तर होमिओबॉक्स जनुक तुम्ही जन्मात विसरला नसता. सर त्याला मुकादम म्हणत. "गर्भात ह्यो हुकूम सोडतो. हितं हात, तितं पाय. मुकादम चुकला की माशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय!" मग आवाज खाली यायचा. "काम झालं की त्यानं गप बसायचं. उतारवयात उठून परत हुकूम सोडायला लागला, तर कॅन्सरमधीबी त्याचा हात असू शकतो."

तास संपला की शिकवायचं साहित्य सोलून खायचे. चिपाडं माझ्या टेबलाखाली.

मीही सोडत नसे. बस चुकली, चहा फुळकवणी झाला, की ओरडायचो, "मुकादम झोपला वाटतं!" ते खूश व्हायचे.

एकदा ऐन गळीत हंगामात स्टाफरूममध्ये त्यांनी माझं बोट धरून स्वतःच्या मानेवर ठेवलं. कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ.

"बघा की, रसायनराव. पुण्याला दाखवून येऊ का?"

"कशाला? डोळा फुटलाय, सर. फक्त पेर चुकलं!"

सगळे खदखदून हसले. सरही हसले, पण शर्टाची कॉलर वर करून. नंतर सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "परत चेष्टा नको, म्हणून गप बसले हो." हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, तेव्हा गाठ कॉलरीत मावेना.

पुण्याच्या दवाखान्यात मी माफीचं वाक्य पाठ करून गेलो. "सर, त्या दिवशी मी..."

त्यांनी हात वर केला. आवाज पार बसला होता. "रसायनराव, तासाला रिकाम्या हातानं येत्यात व्हय?"

मी खाली धावलो, रसवंतीतून रस आणला. दोन घोट कसेबसे घेऊन त्यांनी पेला माझ्याकडे दिला.

"हां. आता बोला. काय म्हणत हुता?"

"काही नाही," मी म्हणालो. "रस गोड आहे का, एवढंच."