पहिल्या अंकाचे भाऊजी

पुस्तकांवर इतके प्रेम करून त्यांचा इतका कमी उपयोग करणारा माणूस आमच्या अकोल्याच्या भाऊजींशिवाय साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे आमच्या यजमानांचे चुलत भाऊ, कापसाच्या एका जिनात कारकून. दिवसभर रुईच्या गाठींची नोंद ठेवायची आणि संध्याकाळी नाटकाची पुस्तके विकत घ्यायची, हा त्यांचा संसार. पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, फार्स, काहीही चालायचे. तेही एकेक नव्हे, एका नाटकाच्या चार-चार प्रती. "वहिनी, एका पुस्तकात चौघांनी डोकी घातली की नायिकेची वाक्ये खलनायक बोलतो," हे कारण. आधीची कपाटभर पडली असताना नवे कशाला, असे विचारले तर म्हणत, "आपल्याजवळ दोन खलनायकांचं एकही नव्हतं हो!"

दर शनिवारी त्यांच्या पुढच्या खोलीत टेबलाभोवती मंडळी जमत आणि भूमिका वाटून घेऊन नाटक वाचत. वाचत म्हणजे, वाचायला बसत. निम्मी संध्याकाळ वाटपातच जाई. शेजारचे कोर्टातले नाझर राजाखाली उतरायला तयार नसत, मग फार्समध्ये राजा कुठून आणायचा यावर वाद. मी अमरावतीहून गेले की मला हटकून दासी. "महाराज, रथ सज्ज आहे," एवढे म्हणायला मी मोटारीचे तिकीट काढून जात असे! त्यात चहा, त्यात कुणाच्या आवाजावर टीका, आणि पहिला अंक संपतो न संपतो तोच मंडळी चपला शोधू लागत. पुढच्या शनिवारी नवे नाटक, नाहीतर तेच नाटक नव्या वाटपाने. कुठलेही काम हाती घेतले की तडीस नेणारी मी. एकदा न राहवून म्हटले, "भाऊजी, दुसरा अंक कधी?" तर शांतपणे उत्तर आले, "वहिनी, पहिल्या अंकात माणसं ओळखीची होतात. नुकती ओळख झाली, लगेच त्यांचं वाटोळं कशाला करायचं?"

अशा माणसापुढे डोके आपटून काय होणार? पण जाऊबाईंना मधली खोली हवी होती. त्यांचे वडील दर्यापूरकडच्या खेड्यात एकटेच राहत. ते पडले, मांडीचे हाड मोडले. मुलगा नाही, ही एकच लेक. त्यांना आणायचे, तर मधल्या खोलीत पुस्तकांमुळे खाटेपुरतीही जागा नव्हती. तेव्हा मला निरोप आला, आणि मी पदर खोचून पुस्तकांचे ढीग पाडायला बसले: ठेवायची, द्यायची आणि रद्दीची. बहुतेक पुस्तकांची पहिल्या अंकापुढची पाने छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती, कुणी फाडून सुटी केलीच नव्हती. मी एक पुस्तक रद्दीत टाकावे, भाऊजींनी ते उचलून धोतराने पुसावे आणि ठेवायच्या ढिगावर आणून ठेवावे. "याच्यात विदूषक फार चांगला आहे हो!" शेवटी सगळीच पुस्तके खाटेखाली गेली. माझा दिवस फुकट.

म्हातारबाबा आले ते ज्वारीचे पोते घेऊन. लेकीच्या घरचे फुकट खायचे नाही, आणि तिथे राहायचे तर मुळीच नाही, हा त्यांचा बाणा. रोज सकाळी एकच घोष: "उद्या मले मोटारीत बसवून द्या." तिकडे पाणी द्यायलाही कुणी नव्हते. जाऊबाई भाकरी थापता थापता डोळे पुशीत.

शनिवारचे वाचन मात्र चुकले नाही. त्या दिवशी मीही होते. पहिला अंक संपला, नाझर चपला शोधायला उठले, तोच मधल्या खोलीतून आवाज आला, "मंग?"

"मंग काय, मामाजी?" भाऊजींनी सासऱ्यांना विचारले.

"त्या पोराले बापानं घराभायेर काढलं न? मंग वापस बलावलं का नाई?"

नाझर म्हणाले, "बहुतेक बोलावत असावा."

"बहुतेक? तुमी तं सालोसाल हेच वाचून राह्यले म्हने! काहून मालूम नाई?"

भाऊजींचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उठताच त्यांनी जाऊबाईंची विळी ओढली आणि तिच्यावर पाने फाडायला बसले. विळीवर! मी ओरडले, त्यांनी ऐकले नाही. खाटेशी बसून राजा, राणी, दासी सगळ्यांचे आवाज एकट्याने काढून दुसरा अंक वाचला. ऐन भांडणात थांबले. म्हातारबाबा म्हणाले, "उद्याची मोटार राहू द्या. हे आयकून जातो."

नाटक संपले त्या रात्री भाऊजींनी लगेच खाटेखालून दुसरे ओढले आणि त्याचा पहिला अंक वाचून पुस्तक मिटले. "लबाड हाय तुमी, जावईबापू," म्हातारबाबा म्हणाले, पण निघण्याची भाषा पुन्हा पुढे गेली. स्वयंपाकघरात जाऊबाई माझा हात धरून म्हणाल्या, "आक्का, यांना सांगा, सावकाश वाचा म्हणावं."

असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी गेले की मलाही राणीची वाक्ये मिळू लागली. म्हातारबाबा खाटेवरून राजालाच शिव्या घालत, "अबे, त्या परधानावर भरोसा नको ठेवू!" मोटारीचे नाव काढणे त्यांनी केव्हा सोडले, कुणाला कळले नाही. ज्वारीचे पोते संपले, तेही त्यांनी विचारले नाही.

कापूस घरी येण्याच्या दिवसांत ते झोपेतच गेले. दिवसकार्य झाल्यावर मी मधली खोली आवरायला घेतली. उशाशी एक नाटक उघडे, पालथे पडले होते. शेवटच्या अंकाची पाने अजून जोडलेलीच. माझ्याने अर्धे काम पाहवत नाही. म्हटले, "भाऊजी, एवढं वाचून टाका, म्हणजे मी कपाटात लावते."

ते खाटेच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "राहू द्या, वहिनी. मामाजींना नाही कळलं, ते मला एकट्याला कळून काय करू?"

मी खोली झाडली, चादर बदलली, आणि ते पुस्तक होते तसेच पालथे ठेवून बाहेर आले.